कैलासगावची कापसाची गाडी

प्रोग्रॅम बरोबर चालतो की नाही हे बघण्यासाठी मी पहिला शेतकरी म्हणून गणपतीला कापसाची गाडी घेऊन उभं केलं, आणि पुढच्या सगळ्या तपासण्या त्याच्या एकट्याच्या भरवशावर लिहिल्या. चूक एवढीच. तिचे परिणाम माझ्यावर नाही, दाजींवर येणार होते, म्हणून त्या काळात मला झोप चांगली लागायची.

दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. परभणीत त्यांचं शिलाईचं दुकान होतं. नव्वद साल उलटून गेलं होतं. मी औरंगाबादला संगणकाचा कोर्स करून नुकताच मोकळा झालो होतो. विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न पेटला की एसटी बंद पडायची, आणि आज गाडी आहे की नाही हे स्टँडवर गेल्यावरच कळायचं. अशाच एका बंदच्या आदल्या दिवशी मिळेल ती गाडी धरून मी आक्काकडे आलो, तो राहूनच गेलो. राहिलो म्हणजे बोलत राहिलो. येत्या काळात सगळं संगणकावर होणार, जो आधी बसेल तो साहेब होणार, असं मी रोज जेवताना दाजींना सांगायचो. दाजी भोळे. त्यांनी शिवणयंत्र मागच्या अंधाऱ्या खोलीत इस्त्रीच्या टेबलाशेजारी ढकललं आणि दर्शनी भागात संगणक मांडला. त्याला सफारीच्या उरलेल्या कापडाची खोळ शिवली. खोळीला खिसा ठेवला. खिसा कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "असू दे. काई ठिवायला लागतंच की."

जुनी गिऱ्हाइकं येऊन दारातच थबकायची. चपला काढून आत या म्हटलं की देवळात आल्यासारखी वागायची. एकाने बराच वेळ पडद्याकडे बघून विचारलं होतं, "माप हेच घेतं, का तुमी घेता?"

दाजींच्या थोरल्या भावाची पालमला पिठाची गिरणी होती. संगणक आल्याचं कळताच ते एसटीनं येऊन, उभ्याउभ्याच बघून, चहा न घेता बोलून गेले होते. "चालता धंदा मागं लोटून हे कपाट पुढं ठिवलंस. लय शाना. हे बंद पडलं की गिरणीवर ये. पीठ झाडायला माणूस लागतोच मला."

हे वाक्य दाजींच्या डोक्यात जाऊन बसलं. काही अडलं की ते माझ्याकडे न बघता म्हणायचे, "जमलं न्हाई तर मी जातो पालमला. थोरल्याच्या हाताखाली. तुज्या आक्काला घिऊन." लहानपणापासून ज्या भावाच्या जुन्या विजारी उसवून घातल्या, त्याच्याच हाताखाली पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया घेऊन उभं राहायचं, याची त्यांना खरोखरच धास्ती होती. मला ती गंमत वाटायची. वय तसंच होतं, आणि विजारी माझ्या नव्हत्या.

पहिलं काम मिळालं ते शहराबाहेरच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगचं. दिवाळीनंतर तिथे कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागायची ती पार सडकेवर जायची. माझा नंबर आधी, तुझा मागे, यावरून रोज हाणामाऱ्या. मॅनेजरसाहेब बेजार झाले होते. त्यांना असा प्रोग्रॅम हवा होता की गाडी फाटकात आली की तिला नंबर द्यायचा, वजनकाट्यावर बोलवायचं, आणि नंबर पुकारल्यावर गाडीवाला जागेवर नसेल तर त्याची गाडी मागे सरकवायची. एका नावावर एका वेळी दोन गाड्या घ्यायच्या नाहीत, अशीही सक्त ताकीद होती, कारण काही हुशार लोक एकाच नावाने चार जागा धरून ठेवायचे.

प्रोग्रॅम लिहिला. मग वाटलं, हा बरोबर आहे हे दाजींना कसं पटवायचं? त्यांना संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून मी वीसेक लहान तपासण्या लिहिल्या. एक कळ दाबली की त्या आपोआप एकामागून एक चालायच्या. प्रत्येक तपासणी खोट्या गाड्या आणून प्रोग्रॅमला काहीतरी करायला लावायची, उत्तर ताडून बघायची, आणि पडद्यावर 'बरोबर' किंवा 'चूक' असं उमटवायची. 'बरोबर' आलं की टिंग असा आवाज. दाजींना टिंग कळत होतं.

आता गणपती कुठून आला ते सांगतो. दाजी नवीन कापडाला कात्री लावण्याआधी कोपऱ्यात खडूने 'श्री' काढायचे. त्याशिवाय कात्री हलायची नाही. तपासण्या पहिल्यांदा चालवायच्या त्या सकाळी ते नारळ घेऊन आले आणि संगणकाच्या डोक्याकडे बघायला लागले.

"दाजी, पाणी उडालं तर मशीन जळंल."

"मंग तसंच सुरू करायलास? देवाचं नाव न घेता?"

मी म्हटलं, नाव घ्यायचंच आहे ना, मग आतच घेऊ. पहिल्या तपासणीत पहिली गाडी गणेशाची. गाव: कैलास. कापूस चांगला, पांढराशुभ्र. दाजी खूश. त्यांना खूश बघून मला आणखी चेव आला. दुसऱ्या तपासणीत दुसरी गाडी मूषकाची आणली. त्यापुढच्या एकीत नंबर पुकारल्यावर गणेश जागेवर नसतो, म्हणून त्याची गाडी मूषकाच्या मागे जाते.

"देवाला उंदराच्या मागं लावलास?"

"नियम म्हंजे नियम, दाजी."

आणि सर्वांत शेवटच्या तपासणीत सगळं आवार पुसून रिकामं करायचं. तिचं नाव मी ठेवलं होतं विसर्जन. आपण किती रसिक आहोत असं वाटून मी त्या दिवशी दोनदा आरशात बघितलं.

कळ दाबली. टिंग, टिंग, टिंग, शेवटपर्यंत. दाजींनी नारळ उंबऱ्यावर फोडला आणि आक्काने खोबरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मध्येच चहा पिऊन येऊन तीच कळ पुन्हा दाबली तर पहिल्याच तपासणीला 'चूक'. मग दोन टिंग. मग पुन्हा ओळीने 'चूक'. प्रोग्रॅममधलं अक्षरही मी हलवलं नव्हतं. घाम पुसून पुन्हा कळ दाबली, तर सगळं बरोबर.

हा खेळ सुरू झाला तो थांबेना. सकाळी बरोबर, दुपारी चूक. दुपारी चूक, लगेच बरोबर. मी तारा हलवून बघितल्या, फ्लॉपीवर फुंकर मारून बघितली, पंखा पडद्याऐवजी संगणकाच्या डब्याकडे वळवून बघितला. दाजींनी आपल्या परीने शोध लावला की मशीनचं तोंड दक्षिणेकडे आहे. मग टेबल फिरवलं. त्यानंतर एक दिवस सुखाचा गेला आणि दाजींनी येणाऱ्या-जाणाऱ्याला दिशांचं महत्त्व सांगितलं. पुढच्या दिवशी पुन्हा चूक. टेबल तसंच राहिलं, आणि आता दारातून येणाऱ्याला पडदा दिसेना, फक्त दाजींची पाठ दिसायची.

मग माझ्या लक्षात आलं (मला असल्या गोष्टी फार लवकर लक्षात यायच्या) की आक्का चहा घेऊन आली की त्यानंतर हमखास चूक येते. आक्काला मी आत यायची बंदी केली.

"चहानं मशीन बिघडतं व्हय रे?"

"चहानं नाही आक्का. तू आलीस की बिघडतं."

"मी आले की?" तिने कपबशी उंबऱ्यावर ठेवली. "तू यायच्या आदी ह्या दुकानात काईच बिघडत नव्हतं."

खरं असं होतं की आक्का दिसली की मी चालू तपासणी मध्येच तोडून चहावर यायचो. किंवा लाइट जायची. लाइट तर रोजच जायची. दोन्ही वेळा विसर्जनापर्यंत तपासण्यांची गाडी पोचायचीच नाही. गणपती फ्लॉपीवरच्या आवारात तसाच उभा राहायचा. पुढच्या वेळी कळ दाबली की दुसरा गणपती फाटकात यायचा आणि प्रोग्रॅम त्याला हाकलायचा, कारण एका नावावर दोन गाड्या घ्यायच्या नाहीत. मग पुढचे सगळे नंबर चुकायचे. पण रडतखडत शेवटची तपासणी व्हायची, आवार पुसलं जायचं, आणि त्यापुढच्या खेपेला सगळं पुन्हा सुरळीत. म्हणजे प्रोग्रॅम इमानदार होता. बेइमान होती ती माझी तपासणी. आज हे लिहायला सोपं वाटतं. तेव्हा मी त्यावर जो इलाज काढला तो असा: कळ दोनदा दाबायची, आणि पहिल्या खेपेकडे बघायचंच नाही.

"पहिली भाकरी तव्याला चिकटतेच की," मी दाजींना समजावलं.

दाजींना ते इतकं पटलं की कळ दाबून ते डोळे मिटून घ्यायचे आणि विचारायचे, "पहिली झाली का?"

अशा तयारीने आम्ही मॅनेजरसाहेबांना दाखवायला गेलो. आक्काची गोधडी गुंडाळून संगणक ऑटोत ठेवला, मी मांडीवर पडदा घेतला, दाजी ऑटोच्या बाहेर निम्मे लोंबकळत आले. जिनिंगच्या फाटकात गाड्यांची रांग होतीच. आणि फाटकाशी दाजींचे थोरले भाऊ उभे. पालमहून पहिल्या एसटीनं आले होते. त्यांना बोलावलं कोणी, हे मी विचारलं नाही. अशा गोष्टी पालमला आपोआप कळतात.

"म्हटलं, एकदाचा निकाल बघून जावं," ते म्हणाले. "लागलं तर संगंच जाऊ."

दाजींचा चेहरा खोळीच्या कापडासारखा करडा झाला.

ऑफिसात मशीन मांडलं. मी कोणी बघत नसताना एकदा कळ दाबून घेतली, मग सर्वांसमोर दुसऱ्यांदा. टिंग, टिंग, शेवटपर्यंत. दाजी घामेजून हसले. थोरले भाऊ खिडकीबाहेर बघायला लागले. मॅनेजरसाहेबांनी मात्र चष्मा कपाळावर चढवला.

"ओळीनं तर शाळेतली पोरंबी पाढा म्हणतात," ते म्हणाले. "मधलं विचारलं की बोबडी वळते. मला फकस्त गाडी मागं सरकवायचं दाखवा. तेवढंच. मारामारी तेच्यावरूनच व्हायलीय."

मी म्हटलं, त्यात काय! ती एकटी तपासणी चालवली.

'चूक.'

त्याखाली, ज्याची गाडी सापडली नाही त्याचं नाव उमटवायची सोय मीच मोठ्या हौसेने केली होती. साहेबांनी मोठ्यांदा वाचलं, "गणेश. गाव कैलास. गाडी न्हाई." मग दाराशी उभ्या असलेल्या फाटकवाल्याला म्हणाले, "बघ रे भाईर. कैलासगावचा गणेश कोन हाय?"

फाटकवाल्याने रांगेकडे तोंड करून आरोळी ठोकली. मी 'अहो' म्हणेपर्यंत एक पटकेवाला शेतकरी लगबगीनं आत आला.

"गणेश मीच. पर गाव वालूर. लागला का मपला नंबर?"

"न्हाई लागला."

"मंग बोलावलं कशाला? पोरगं एकटंच हाय गाडीवर."

तरी तो गेला नाही. भिंतीला टेकून आमची फजिती बघत उभा राहिला. साहेबांनी आणखी एक मधलीच तपासणी चालवायला सांगितली. चूक. आणखी एक. गणेश, गाव कैलास, गाडी नाही.

"न्हाई बाबा," साहेब उठले. "हे तर आमच्यापेक्षा लय गोंधळी हाय. न्या हे सामान."

थोरल्या भावांनी खिडकीकडून तोंड वळवलं आणि फार शांतपणे म्हणाले, "चल. दुपारची गाडी हाय पालमला."

दाजींनी गोधडी उचलून तिची घडी घालायला सुरुवात केली. मशीन गुंडाळायची ती गोधडी, तिची घडी कशाला घालायची? पण ते घालत होते, कोपऱ्याला कोपरा जुळवून. मला तेव्हा पहिल्यांदा त्या विजारींची आठवण झाली.

मी पडद्याकडे बघत होतो. गणेश, कैलास, गाडी नाही. नसणारच! त्याला आणतं कोण? पहिली तपासणी. ती चालवलीच नाही, तर बिचारा येणार कुठून? आणि चालून मध्येच थांबली, तर जाणार कुठे? इतक्या दिवसांचा सगळा तमाशा डोळ्यांपुढून सरकला. आक्का, दक्षिण दिशा, फ्लॉपीवरची फुंकर.

"साहेब," मी ओरडलोच, "तुमचं जेवण झालं?"

"का? डबा आणलाय तुमी?"

"तुमी जेवून या. तेवढ्यात नीट करतो. नाही झालं तर मी स्वतः हे डोक्यावर घेऊन जातो."

साहेबांना भूक लागली असावी. ते गेले.

मी खुर्ची ओढली. आता प्रत्येक तपासणीने आपली गाडी आपणच आणायची. सुरू होताना आधी आवार झाडून रिकामं करायचं, कोणी काल काय सोडून गेलं त्याच्याशी देणंघेणं नाही. मागची तपासणी झाली की नाही, पुढची होणार की नाही, विचारायचं नाही. विसर्जन काढून टाकलं. गणपतीलाही हात जोडून रजा दिली. आता दर तपासणीला नवी नावं पाहिजेत.

"दाजी, नावं सांगा! कोणाचीबी!"

दाजींनी गोधडी सोडली. "तुज्या आक्काचं घाल. मपलं घाल. सासऱ्याचं घाल. इस्त्रीवाल्याचं घाल." नावं संपली तेव्हा ते थबकले आणि हळूच म्हणाले, "दादाचं घाल."

थोरले भाऊ पाठीमागे येऊन उभे राहिले होते. स्वतःचं नाव पडद्यावर दिसताच माणूस पाघळतोच. "गाव पालम टाक," ते म्हणाले. मग जरा वाचून, "हे काय करायलास? मला पुसायलास का?"

"रद्द करायची तपासणी आहे ती."

"मला रद्द कशाला? इस्त्रीवाल्याला कर. मला दुसरीकडं घाल."

मी त्यांना गाडी मागे सरकवायच्या तपासणीत घातलं. घाईत एकट्यांनाच घातलं, त्यांच्या मागे दुसरी गाडी ठेवली नाही.

साहेब ढेकर देत आले. त्यांनी या वेळी माझ्यावर विश्वासच ठेवला नाही. टेबलावर गाड्यांना द्यायचे नंबरांचे पत्र्याचे बिल्ले डब्यात भरून ठेवलेले होते. तो डबा त्यांनी खडखड हलवला आणि वालूरच्या गणेशापुढे धरला. "तू काढ. तुजा ह्यांच्याशी काई संबंध न्हाई."

गणेशाने डोळे मिटून बिल्ला काढला. त्या नंबरची तपासणी चालवली. टिंग. दुसरा बिल्ला काढला. टिंग. कधी शेवटची आधी, कधी मधली नंतर. मध्येच लाइट गेली, आली, पुन्हा चालवली, तरी टिंग. दाजींनी डोळे उघडे ठेवले होते. मला आता गाणं म्हणावंसं वाटायला लागलं. आणि तेवढ्यात, 'चूक'.

पडद्यावर थोरल्या भावांचं नाव. गाव पालम. गाडी नाही.

"मपली गाडी कुठं गेली?" थोरले गरजले. गाडी, बैल, कापूस यांपैकी काहीही त्यांच्याकडे नव्हतं, गिरणी होती. पण अन्याय तो अन्याय.

मी पुन्हा चालवली. पुन्हा चूक. तिसऱ्यांदाही चूक. ही आधीसारखी लहरी नव्हती. दाजींचा हात नकळत गोधडीकडे गेला. मी प्रोग्रॅम उघडून वाचला आणि मान खाली घातली. "साहेब, ही तपासणीची चूक नाही. प्रोग्रॅमचीच आहे. आवारात एकच गाडी असली आणि तिला मागे सरकवलं, तर मागे कोणी नसतं. मग प्रोग्रॅम तिला हरवून बसतो." गणपतीच्या मागे नेहमी मूषक असायचा, म्हणून हे कधी उघड झालंच नव्हतं.

आता गुंडाळायला सांगणार, असं वाटलं. साहेब उलट पुढे सरकून बसले.

"सांजच्याला हेच व्हतं," ते म्हणाले. "शेवटची एकच गाडी उरती अन् तेचा मालक च्या प्यायला गेलेला असतो. परत आल्यावर तेनं आम्हाला काय म्हटलं असतं, मपली गाडी संगणकानं खाल्ली म्हणून?" ते जोरात हसले. "ही सापडली ते बेस झालं. हे दुरुस्त करा. मंग बसवा फाटकावर."

चार ओळींचं काम होतं. तिथेच केलं. गणेशाने पुन्हा डबा हलवला, उलटसुलट बिल्ले काढले, आणि थोरल्या भावांची गाडी जागेवर सापडली तेव्हा त्यांनी स्वतः मान डोलावली. वालूरचा गणेश निघताना म्हणाला, "आता खरा नंबर द्या मला." साहेबांनी त्याला बोट दाखवून रांगेच्या शेवटी पाठवलं, कारण एवढ्या वेळात त्याचा नंबर पुकारून गेला होता.

बाहेर आल्यावर दाजींनी फाटकाला लागूनच्या टपरीवर चहा सांगितला. पालमच्या गाडीला अजून वेळ होता आणि आता त्या गाडीत एकच माणूस चढणार होता. दाजी कप धरून मोठ्या भावाकडे बघत नव्हते, आणि मोठे भाऊही त्यांच्याकडे बघत नव्हते. मी न राहवून सगळी हकीगत सांगितली. गणपती आवारात कसा अडकून राहायचा, दुसरा आला की कसा हाकलला जायचा, आणि प्रत्येकाने आधी आवार झाडून घ्यायचं हे माझ्या कसं लक्षात आलं. थोडं रंगवून सांगितलं. अखेर मी एक शोध लावला होता.

थोरल्या भावांनी बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या.

"तू ऱ्हा इथंच," ते दाजींना म्हणाले. मग थोरल्यांनी माझ्याकडे हनुवटी केली. "पर ह्या तुझ्या मेव्हण्याला कधी गिरणीवर आणू नगंस. मिरच्या दळल्यावर गहू टाकायच्या आदी दगड झाडावा लागतो, हे जेला इतक्या दिसांनी उमगतं, तेनं दळलेल्या पिठाची भाकरी कुत्रंबी खायाचं न्हाई."